म्यूट फिल्म स्टार

आमच्या घरात दुपारी टीव्हीचा आवाज बंद असायचा आणि माईचा चालू. अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या घरांच्या भिंती एकमेकांना लागलेल्या नसतात म्हणून, नाहीतर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले असते, असं आई म्हणायची. माई सोफ्यावर मांडी घालून बसायची. अंगावर नायलॉनचं पातळ, त्यावर बाबांचा जुना स्वेटर, पायांत लोकरीचे मोजे. समोर दुपारच्या मालिका चालायच्या, आवाजाशिवाय. त्यातल्या गोऱ्या बायका कुणाच्या तरी हॉस्पिटलातल्या खाटेशी उभ्या राहून रडायच्या आणि माई त्यांची हजेरी घ्यायची. “ही बघ. नवरा मरायला टेकलाय आणि हिचं लक्ष आपल्या केसांत. आवाज बंद केला की पितळ उघडं पडतं यांचं.” मी शाळेतून आलेली असायचे आणि टॉर्टियावर तूप-गूळ घालून, सुरळी करून खात असायचे. पोळ्या आमच्याकडे शनिवार-रविवारीच व्हायच्या. बाकीचे दिवस दुकानातल्या टॉर्टियाला पोळी म्हणायचं असं आईने ठरवलं होतं. माईने ते कधी मानलं नाही. “चामडं आहे हे,” ती म्हणायची, आणि दोन खायची.

माई म्हणजे बाबांची सावत्र आई. बोलपट येण्याआधी ती कोल्हापूरच्या एका स्टुडिओत मूकपटांची नायिका होती. पडद्यावर तिचं नाव मिस मृगनयनी. नंतर तिने एका विधुर वकिलाशी लग्न केलं, ते माझे आजोबा. त्यांच्या पदरात एक लहान मुलगा होता, ते बाबा. आमच्या घरात यावर एक कथा होती आणि ती बाबा सांगायचे. आईवेगळं पोर पाहून माईचं काळीज हललं आणि तिने कीर्ती, पैसा, नाव सगळ्यावर पाणी सोडलं. ही कथा सांगताना बाबा चष्मा काढून पुसायचे. पाहुण्यांसमोर पुसायचे, इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला पुसायचे, एकदा माझ्या दातांच्या डॉक्टरसमोरही पुसला. बाबा गाड्यांच्या गिअरबॉक्सचे इंजिनियर होते. ऑफिसात एका स्क्रूबद्दलही कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत. या कथेची तपासणी मात्र त्यांनी कधी केली नाही. माईने ती कधी सांगितली नाही आणि खोडलीही नाही. बाबा सुरू झाले की ती चिवड्यातले काजू वेचून खायची.

तिचा एकही चित्रपट शिल्लक नव्हता. काही रिळं जळाली, काही चिकटून लगदा झाली. उरला होता एक फोटो. त्यात ती कमरेवर घागर घेऊन उभी होती. “घागर घेऊन उभं राहायला मलाही येतं,” आई म्हणायची, बाबा तळघरात गेले की. आई मूळची नागपूरची, मायक्रोबायोलॉजी शिकलेली. डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिला काम मिळत होतं. तिथली मुख्य बाई तिला दोनदा फोन करून विचारून चुकली होती. पण माईला दुपारी घरी एकटं ठेवायचं नाही असं बाबांनी ठरवलं होतं. “तिने माझ्यासाठी एवढं सोडलं. आपण एक नोकरी सोडू शकत नाही?” आपण म्हणजे आई. बाबांनी एकही दिवस रजा घेतल्याचं मला आठवत नाही. आई रागाने इतके कांदे चिरायची की आमच्याकडे भाजीपेक्षा कांदाच जास्त असायचा. आज मी तिच्या जागी असते तर पहिल्याच आठवड्यात गाडीची किल्ली उचलली असती. पण मी तिच्या जागी नव्हते, सातवीत होते, आणि घरात मोठी माणसं मूर्खपणा करत आहेत हे मुलांना कळलं तरी मुलांच्या हातात काही नसतं.

माईचा आवाज हा वेगळाच विषय होता. घोगरा, फाटका, पोत्यातून दगड ओतावेत तसा. तिने फोन उचलला की पलीकडचे लोक तिला ‘सर’ म्हणायचे. मग तिने फोन उचलणंच सोडलं. गणपतीच्या आरतीला ती नुसते ओठ हलवायची. कोल्हापूरच्या नातेवाइकांसाठी बाबा कॅसेट भरायचे, आम्ही प्रत्येकाने त्यात दोन शब्द बोलायचे, आणि माईची पाळी आली की तिला नेमकं न्हाणीघरात जायचं असायचं. घरात मात्र ती अखंड बोलायची. माझं मराठी आज जे काही आहे ते तिच्या शिव्यांवर पोसलेलं आहे. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत आम्हाला ‘हा आंबा, हे घर’ शिकवायचे. मला तेव्हा ‘मुडदा बसवला तुझा’ व्याकरणासकट येत होतं.

आता सबनीसकाका. ते आमच्या मंडळाचे सांस्कृतिक सचिव होते. पुण्याचे. गाड्यांच्या ब्रेकवर काम करायचे, पण स्वतःला त्यांचा उपयोग कधी झाला नाही. भाषण सुरू झालं की उतारावरून सुटायचे. शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेऊन आम्ही दिवाळी करायचो. अॅल्युमिनियमच्या ट्रेमधली बटाट्याची भाजी गार होत असायची, सावर क्रीमचं श्रीखंड पातळ होत असायचं, आणि काका झाकणावर हात ठेवून ‘आपली संस्कृती’ या विषयावर बोलत उभे असायचे. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की माईबद्दल इथल्या साप्ताहिकात काहीतरी छापून आणावं. मूकपटाची नटी आपल्यात राहते, अमेरिकनांना कळायला नको? त्यांनी इंग्रजीत मजकूर लिहिला. मूक म्हणजे म्यूट. पट म्हणजे फिल्म. झाली ‘म्यूट फिल्म स्टार’. साप्ताहिकातल्या कुणाला तरी त्यातला ‘फिल्म’ हा शब्द मध्येच कडमडलेला वाटला असावा, त्याने वाक्य नीट केलं, आणि गुरुवारी आमच्या दारात जो अंक पडला त्यात माईचा घागरवाला फोटो होता आणि वर ठळक अक्षरांत, जन्मापासून मुकी असलेली प्रसिद्ध भारतीय अभिनेत्री ट्रॉयमध्ये.

‘जन्मापासून’ कुणी घातलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. काका म्हणाले, “मी नाही. पण इम्पॅक्ट चांगला आलाय, नाही का?”

बाबा फोनपाशी गेले. माईने त्यांना अडवलं. “राहू दे, वसंता. गोऱ्यांशी बोलायचा त्रास वाचला.” आणि खरंच वाचला. शेजारच्या बाईंनी चीज घातलेली शेंगांची भाजी आणून दिली, माईच्या दंडावर हात ठेवून हळूहळू, मोठ्याने बोलल्या. किराणा दुकानातल्या मुलीने तिच्यासाठी पिशव्या गाडीपर्यंत नेल्या. माई सगळ्यांकडे अशी बघायची की समोरच्याला आपण काहीतरी पुण्य केलंय असं वाटावं. गाडीचं दार लागलं की घोगरा आवाज फुटायचा, “काय माणसं आहेत! मांजराला बोलतात तसं बोलतात.” पण पुढच्या शनिवारी दुकानात जायला तीच आधी तयार.

गेल्या वर्षी अॅन आर्बरच्या विद्यापीठातून एका संशोधक मुलीचा मला फोन आला. साप्ताहिकाचा तो जुना अंक वाचून तिला माईवर प्रबंधात एक प्रकरण लिहायचं होतं. ती मला सांगत होती की माईचं हे मौन म्हणजे प्रतिकार होता, पितृसत्तेने आवाज हिरावलेल्या बाईने मौनालाच शस्त्र केलं वगैरे. मी विचारलं, तू माझ्या घरी दुपारी कधी आली होतीस का? मौन! मुली चार बुकं वाचतात आणि ज्या बाईने आयुष्यात कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही तिच्यावर मौन लादतात. मी तिला जे घडलं ते सांगितलं. ती म्हणाली, हे तिच्या चौकटीत बसत नाही. फोन तिथेच संपला.

जे घडलं ते असं. गावच्या लायब्ररीतल्या मिसेस कार्लसनने तो अंक वाचला आणि रविवारी दुपारी मूकपटांचा कार्यक्रम ठरवला. एक जुना अमेरिकन विनोदी मूकपट दाखवायचा, नंतर माईशी प्रश्नोत्तरं. माई काय ते खुणांनी मला सांगणार आणि मी इंग्रजीत सांगणार, अशी तिची कल्पना. बाबांनी खरं काय ते सांगायचं म्हणून तिला फोन लावला, तर सबनीसकाकांनी मंडळातर्फे आधीच होकार कळवून टाकला होता. बाबांनी मग काकांनाच गाठलं. “अहो, एवढं एक्स्पोजर मिळतंय आपल्याला! नंतर सांगू ना हळूच, काय घाई आहे?” बाबांना वाटलं, माईच नाही म्हणेल. माईने ट्रंकेतून जांभळी पैठणी काढली.

लायब्ररीचा हॉल भरला होता. मागच्या खुर्च्यांवर आपली मंडळी, शालू, कोट, कॅमेरे, कडेच्या टेबलावर कागदी कपांत श्रीखंड. पुढच्या दोन रांगांत अमेरिकन, बहुतेक म्हातारे. ते एकमेकांशी हातांनी बोलत होते. मला कळायला क्षण लागला. मिसेस कार्लसनने डेट्रॉइटच्या बहिऱ्या लोकांच्या क्लबला बोलावलं होतं. तिच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. मुकी नटी, मूकपट आणि बहिरे प्रेक्षक. कडेला एक तरुण दुभाषी मुलगी उभी होती, बोललेलं सगळं हातांनी करून दाखवणारी.

“हे कोण?” माईने ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं.

“बहिरे आहेत. तुला भेटायला आलेत. त्यांना वाटतंय तूही त्यांच्यातलीच आहेस.”

माई पहिल्यांदाच थोडी अस्वस्थ झालेली मला दिसली. मूकपट दाखवून झाला, दिवे लागले आणि सबनीसकाका माइकपाशी गेले. पाच हजार वर्षांच्या संस्कृतीपासून त्यांनी सुरुवात केली, आणि दुभाषी मुलीचे हात बिचारे त्यांच्यामागे धावू लागले. माई माझ्या शेजारी, प्रेक्षकांकडे तोंड करून बसली होती आणि हळू आवाजात मला ऐकवत होती. “हा कधी गिळणार आहे? याच्या आईने याला जन्मताच बूच का नाही लावलं? बघ, आता वेदांवर गेला. मिने, त्या पोरीचे हात मोडतील, सांग त्याला.” मी मांडीला चिमटा काढून हसू दाबत होते.

काका थांबले. मिसेस कार्लसनने विचारलं, कुणाला प्रश्न? पहिल्या रांगेतून एक उंच म्हातारे उठले. मिस्टर नोवाक. पुढे कळलं, छापखान्यात आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांनी हात हलवले आणि दुभाषी मुलगी बोलली, “ते म्हणताहेत, या बाई मुक्या नाहीत. मघापासून त्यांचे ओठ थांबलेले नाहीत. क्लबमध्ये सगळ्यांना जाणून घ्यायचंय की बाई भाषण करणाऱ्या गृहस्थांबद्दल काय म्हणत होत्या.”

काकांचा चेहरा श्रीखंडासारखा पातळ झाला. मी माईला मराठीत सांगितलं. ती उठली.

“मी मुकी नाही,” ती म्हणाली, त्या आवाजात, माइकशिवाय, आणि मागच्या रांगेपर्यंत पोचलं. “मूकपट मुके होते. याला दोन्हीतला फरक कळत नाही. मी म्हणत होते की हा माणूस मुका असता तर सगळ्यांचं भलं झालं असतं. सांग गं.”

मी सांगितलं, जसंच्या तसं. “माई, प्लीज! आपली माणसं आहेत इथे!” सबनीसकाका कळवळले. पुढच्या दोन रांगा गदागदा हसत होत्या. मागच्या रांगांत आपली माणसं बूट बघत होती. मिस्टर नोवाकनी पुन्हा हात हलवले. मग तुम्ही खरंच नटी होता की तेही असंच?

हा प्रश्न आमच्या घरात आईने कितीदा विचारला होता, फक्त तळघराचं दार बंद झाल्यावर. आई तिसऱ्या रांगेत ताठ बसलेली मला दिसली.

“मिने, उभी राहा,” माई म्हणाली. “मी सांगते ते ओरड. आम्हाला डायरेक्टर भोंग्यातून ओरडून सांगायचा, कॅमेरा चालू असताना. आधी ओरड, दार वाजलं. मग, तोच असेल. मग, तो नाही. मध्ये थांबायचं. किती थांबायचं ते माझ्याकडे बघून ठरव.”

ती खुर्चीवर बसली, लायब्ररीच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून. मी ओरडले, “दार वाजलं!” तिने मान हलवली नाही. फक्त मांडीवरची बोटं एकमेकांवर येऊन थांबली. “तोच असेल!” आणि माझ्यासमोर बसलेली ती पाऊणशे वर्षांची भांडकुदळ बाई कुठेतरी गेली. तिच्या जागी एक बाई होती जिला उठायची घाई झाली होती पण ती दाखवायची नव्हती. तिने पदर नीट केला, तोही अर्धाच, कारण दारापर्यंत पोचायचं होतं. मी ओरडायचं विसरले. तिने डोळ्यांनी मला हुकूम दिला. “तो नाही,” मी म्हणाले, ओरडले नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. पदराचा उरलेला अर्धा भाग तिने नीट केला, सावकाश, दारात आलेल्या परक्या माणसासाठी. बस, एवढंच.

“खरंच होती की हो ही,” आईचा आवाज मला ऐकू आला.

आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या दोन रांगांनी दोन्ही हात वर करून हवेत हलवले. माईने माझा दंड धरला. “हाकलताहेत का मला?” मी म्हटलं, नाही, ती त्यांची टाळी आहे. तिने बराच वेळ ते हात पाहिले. मग मिस्टर नोवाकनी विचारलं, इतकं चांगलं येत होतं तर सोडलं का?

बाबांचा चष्मा हातात आलेला मला दिसला. उत्तर त्यांना पाठ होतं.

“आवाजाची चाचणी घेतली,” माई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाबांकडेही नाही, त्या म्हाताऱ्याकडे बघत होती. “बोलपट आले. मला मशीनसमोर चार ओळी म्हणायला लावल्या आणि मग सगळ्यांना बसवून ऐकवल्या. लोक हसले. कॅमेरावाला हसला, चहावाला हसला. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. कुणी बोलावलंही नाही. सांग त्याला.”

मला एक वाक्य गाळता आलं असतं. बाबा समोर होते. पण मी भाषांतराला उभी होते, म्हणून सगळं सांगितलं. मिस्टर नोवाकचे हात हलले. दुभाषी मुलगी म्हणाली, “ते म्हणतात, मी तिथे असतो तर मला तुमचा आवाज ऐकू आला नसता आणि त्यांचं हसणंही. बोलपट आल्यावर आम्ही थिएटरात जायचं बंद केलं. आम्हालाही कुणी बोलावलं नाही.”

“मग तेव्हा कुठे मेला होतास?” माई म्हणाली.

मी ‘मेला’ सोडून बाकीचं सांगितलं. मला वाटतं त्यांना तेही कळलं.

“इथेच. डेट्रॉइटला. दुसऱ्या रांगेत.”

“दुसऱ्या रांगेतून मान दुखते,” माई म्हणाली, आणि श्रीखंड मागितलं.

घरी जाताना आई गाडी चालवत होती. बाबा तिच्या शेजारी, मी आणि माई मागे. रस्त्याच्या कडेला यंत्राने सारलेल्या बर्फाचे काळे ढीग होते. मोठा रस्ता लागला. मग बाबांनी पुढेच बघत विचारलं, “माई, मग तू माझ्यासाठी नाही सोडलंस?”

“तुझ्यासाठी?” माई म्हणाली. “सोडून वर्ष झालं होतं. तुला मी पाहिलंही नव्हतं.”

“मग लग्न का केलंस? मला का वाढवलंस?”

“दुसरं काम नव्हतं.”

सिग्नल लाल होता. मी आरशात आईचे डोळे पाहिले. मला वाटलं आता ती वीस वर्षांचं सगळं काढणार. ती एवढंच म्हणाली, “मला आहे दुसरं काम. लॅबमध्ये. उद्या फोन करते.”

“पण माई दुपारी...” बाबांनी सुरुवात केली.

“कर की,” माई मागून आईला म्हणाली. “तुला धरलंय कुणी?”